नव्या पिस्तुलाची पहिली छाप

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना बंदूक भेटते ती बातमीत, नाहीतर निवडणुकीच्या वादात. पण बंदुकीवर इथे आणखी एका प्रकारचं भरपूर लिखाण होत असतं: नवं पिस्तूल आलं की शौकिनांनी नोंदवलेली पहिली छाप. गाडीचं किंवा कॅमेऱ्याचं परीक्षण असतं तसंच हे परीक्षण. ते अधूनमधून वाचावं, असं माझं मत आहे. आपल्या शेजारच्या कित्येक घरांत ही वस्तू असते, आणि ती विकत घेणारा माणूस तिच्याकडे कसा बघतो हे तिथे कळतं.

उदाहरण म्हणून हडसन एच-नाइन घ्या. टेक्सासमधल्या एका नवख्या कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये लास व्हेगासच्या ‘शॉट शो’ या व्यापारी प्रदर्शनात हे पिस्तूल मांडलं. नेहमीच्या पिस्तुलात नळी मुठीच्या बरीच वर असते, आणि स्लाइड मागे आल्यावर तिला पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग नळीच्या लगेच खाली. हडसनने ती स्प्रिंग आणखी खाली, चापाच्या पुढे नेली. त्यामुळे नळीही खाली, हाताच्या जवळ आली. समोरून पाहिलं तर खाली टॉर्च जोडल्यासारखा फुगवटा दिसतो. विचित्रच रूप.

यामागचं गणित शाळेतलं आहे. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, हलत नाही. कडेला ढकला; सहज फिरतं. गोळी सुटताना धक्का नळीच्या रेषेत मागे येतो आणि बिजागरीचं काम मनगट करतं. नळी जितकी वर, तितकं पिस्तुलाचं तोंड जास्त उसळतं. नळी खाली आली की उसळी कमी आणि दुसरा नेम लवकर. शौकिनांनी हे ताबडतोब ओळखलं. फुगवट्यावर थट्टा झाली, पण कल्पनेला दादही मिळाली. चाप किती सरळ मागे येतो, तो नेमका कुठे सुटतो, मूठ तळव्यात कशी बसते, यावर त्यांनी केलेलं बारीक लिखाण वाचलं तर हाताने विचार करणारी ही माणसं आहेत हे मान्य करावं लागतं. जुन्या सुताराने रंधा उचलून पाहावा, तशी ती नजर असते.

या समीक्षेची मर्यादाही याच पिस्तुलात दिसते. काही मॅगझीन झाडून झालेली छाप वस्तूच्या पुढच्या आयुष्याबद्दल फार थोडं सांगते. हडसन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हजारभर डॉलर मोजलेल्या ग्राहकांना सुटे भाग कुठून आणायचे हा प्रश्न पडला. डॅनियल डिफेन्स या कंपनीने २०२४ मध्ये तेच रूप सुधारून पुन्हा बाजारात आणलं.

उलट ग्लॉकचं पाहा. प्लॅस्टिकचा सांगाडा असलेलं हे ऑस्ट्रियन पिस्तूल १९८०च्या दशकात अमेरिकेत आलं, तेव्हा अनेक जुन्या जाणकारांना ते खेळणं वाटलं, तर काही राजकारण्यांना विमान अपहरणकर्त्यांचं हत्यार. प्रत्यक्षात त्याची नळी आणि स्लाइड पोलादीच आहे. आज ते अमेरिकी पोलिसांचं सर्वांत ओळखीचं पिस्तूल आहे. म्हणजे सवय बदलली की छापही बदलते.

आता खरी कसोटी. कोलोरॅडोच्या बायोफायर कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केलेलं पिस्तूल मालकाचं बोट किंवा चेहरा ओळखतं, आणि ओळख पटली तरच चालतं. तेव्हा जाहीर झालेली किंमत १,४९९ डॉलर. इथे शौकिनांचं कुतूहल एकदम आखडतं. बॅटरी संपली तर? हात ओले असले तर? हे प्रश्न रास्त आहेत. राजकीय भीतीलाही कारण होतं: न्यू जर्सीने २००२ मध्ये असा कायदा केला होता की, अशी पिस्तुलं देशात कुठेही विक्रीला आली की तीन वर्षांनी त्या राज्यात फक्त तीच विकता येतील. तो २०१९ मध्ये बदलला गेला. त्याआधी, २०१४ मध्ये, मेरीलंडच्या एका दुकानदाराने आर्माटिक्स या जर्मन कंपनीचं असं पिस्तूल विकायचं ठरवलं, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने बेत सोडला. वर त्या पिस्तुलाचं कुलूप स्वस्त लोहचुंबकांनी उघडतं, हे २०१७ मध्ये एका हॅकरने दाखवून दिलं. तेव्हा शंका घेणारे सगळे आडमुठे नव्हते.

तरीही फरक डोळ्यांत भरतो. स्प्रिंगची जागा बदलली तर कौतुकाने चर्चा; हात कुणाचा हे पिस्तुलाने विचारलं, तर संशय. या परीक्षणांत एकच माणूस गृहीत धरलेला असतो: शांत डोक्याचा, सराव असलेला मालक. त्याचं सहा वर्षांचं पोर, घरात शिरलेला चोर किंवा उदास झालेला किशोरवयीन मुलगा त्या मजकुरात फारसे येत नाहीत.

ओळखीच्या कुलपालाही मर्यादा आहेच. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. मालक स्वतःच स्वतःवर पिस्तूल रोखतो, तेव्हा पिस्तूल त्याला बरोबर ओळखतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना घरात बंदूक नसणंच सर्वांत सुरक्षित मानते. असलीच, तर ती रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, असं ती सांगते.

आपल्या मंडळांतही आता कुणीतरी हळूच सांगतं की त्याने पिस्तूल घेतलंय. त्याला तुच्छतेने बघू नका. त्याने वाचलेलं परीक्षण तुम्हीही वाचा, म्हणजे बोलता येईल. आणि मूल कुणाकडे खेळायला पाठवताना शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल जितक्या सहज सांगता, तितक्याच सहज विचारा: घरात बंदूक आहे का, आणि ती कुठे ठेवता? सुरुवातीला अवघड वाटेल. मराठी घरातही विचारा.