साक्ष आणि मौन : अमेरिकी गुलामांच्या आत्मकथनांविषयी

आत्मचरित्र वाचावयास घेताना आपण लेखकावर विश्वास ठेवूनच प्रारंभ करतो. शंका यावयाचीच तर ती मागाहून येते. अमेरिकेतील गुलामांनी लिहिलेल्या आत्मकथनांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तेथे अविश्वास आधी आणि वाचन नंतर, असाच क्रम होता. या वाङ्मयप्रकाराचे रूप फार मोठ्या प्रमाणात या अविश्वासाने घडविले आहे. त्याची वाङ्मयीन योग्यता ठरविताना हे ध्यानात घेतले नाही, तर आपला निर्णय चुकल्यावाचून राहणार नाही.

फ्रेडरिक डग्लस याचे आत्मकथन १८४५ साली बोस्टन येथे प्रसिद्ध झाले. मजकुराच्या प्रारंभी डग्लस बोलत नाही. बोलतात ते विल्यम लॉइड गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स. दोघेही गोरे, आणि गुलामगिरीच्या उच्छेदासाठी झटणारे. एकाची प्रस्तावना आणि दुसऱ्याचे पत्र यांची ग्वाही मिळाल्यानंतरच लेखकाला तोंड उघडता येते. हे पुस्तक लेखकाने स्वतः लिहिले आहे, असा निर्वाळा शीर्षकातच द्यावा लागला. गुलामांना लिहावयास शिकविणे हा दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा होता, आणि गुलाम इतके समर्थ गद्य लिहू शकेल हे उत्तरेतील वाचकालाही सहज पटणारे नव्हते. विश्वास बसावा म्हणून डग्लसने मालकांची आणि गावांची खरी नावे दिली. त्यामुळे पकडले जाण्याचे संकट इतके वाढले की त्याच वर्षी त्याला ब्रिटनला जावे लागले. १८४६ मध्ये तेथील स्नेह्यांनी पैसे मोजून त्याची मुक्तता विकत घेतली. खरे बोलल्याची ही किंमत होती.

तथापि या पुस्तकात एक गोष्ट सांगितलेली नाही, आणि तीच कथानकाचा उत्कर्षबिंदू व्हावयाची होती. ३ सप्टेंबर १८३८ रोजी डग्लस बाल्टिमोरहून पळाला तो कसा, हे तो सांगत नाही. खलाशाच्या वेषात, दुसऱ्याची कागदपत्रे जवळ बाळगून तो आगगाडीने निसटला, हे त्याने सविस्तर उघड केले ते १८८१ साली, गुलामगिरी कायद्याने संपून सोळा वर्षे झाल्यावर. रूढ निकषांनी पाहता हा रचनेचा दोष ठरेल. परंतु डग्लसने दिलेले कारण वाचावे : वाट उघड केली तर मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल. जे पुस्तकात कोठेच नाहीत ते अद्याप बेडीत असलेले लोक या रिकाम्या जागेमुळे पुस्तकात उपस्थित होतात. शिवाय ज्याच्यापुढे सर्व काही सिद्ध करावयाचे त्या वाचकाला येथे प्रथमच नकार मिळतो. साक्षीदार लेखक होतो तो या क्षणी.

हॅरिएट जेकब्ज हिचे मौन निराळ्या जातीचे आहे. नॉर्थ कॅरोलायनातील इडेंटन येथील या स्त्रीने ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ हे आत्मकथन १८६१ साली ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. मालकाच्या वासनेपासून बचाव करण्यासाठी तिने दुसऱ्या एका गोऱ्या पुरुषाचा आश्रय घेतला, त्याच्यापासून तिला दोन मुले झाली, आणि पुढे आजीच्या घराच्या माळ्यावर, ताठ उभेही राहता येणार नाही अशा जागेत, तिने सुमारे सात वर्षे लपून काढली. एका छिद्रातून ती मुलांना पाहत असे. हे सारे तिला उत्तरेतील सुशील स्त्रियांना सांगावयाचे होते. म्हणून ती थांबत, अडखळत, क्षमा मागत सांगते. आणि मध्येच, गुलाम स्त्रीला इतर स्त्रियांचा मापदंड लावू नये, असेही ठणकावते.

या पुस्तकाला शतकाहून अधिक काळ काय म्हटले गेले? कोणी त्याला कादंबरी म्हटले, तर कोणी संपादिका लिडिया मारिया चाइल्ड हिचेच लेखन मानले. जीन फॅगन येलिन या अभ्यासिकेने पत्रव्यवहार व अन्य कागदपत्रे धुंडाळून १९८७ च्या आवृत्तीत जेकब्जचे कर्तृत्व निर्विवादपणे प्रस्थापित केले. गुलामाचे लेखन ओबडधोबड असेल तर ती कला नव्हे, आणि रेखीव असेल तर ते सत्य नव्हे, असा हा दुहेरी फास आहे. गुलामगिरी कायद्याने गेली. हा फास मात्र समीक्षेत राहिला.

१९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-योजनेने पूर्वीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखती टिपून घेतल्या. मुलाखतकार बहुतांशी गोरे, आणि वर्णभेदाचा अंमल कडक. अशा वेळी एखादा वृद्ध ‘मालक भला होता’ असे म्हणतो, तेव्हा तो समोर कोण बसले आहे हे पाहून बोलत असण्याचा संभव आहे. त्यांच्या बोलीचे लेखनही टिपणाऱ्याच्या कल्पनेप्रमाणे होई. याउलट झोरा नील हर्स्टन हिने आफ्रिकेतून धरून आणलेल्या कोसोला या वृद्धाचे बोलणे त्याच्याच बोलीत राखले. प्रकाशकाला प्रमाण भाषा हवी होती; हर्स्टनने नकार दिला. ‘बॅराकून’ हे ते पुस्तक १९३१ साली लिहून झाले होते. ते छापले गेले २०१८ साली. टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) ही कादंबरी मार्गारेट गार्नर हिच्या १८५६ मधील प्रकरणातून स्फुरली. पकडले जाण्यापूर्वी या मातेने आपल्या मुलीचा जीव घेतला होता. मॉरिसनला कोणाच्या ग्वाहीची गरज उरली नव्हती. म्हणूनच पूर्वसूरींनी जेथे पडदा ओढला तेथे ती आत शिरू शकली.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. पुढे शंभर वर्षांनी मराठीत दलित आत्मकथने अवतरली, तेव्हा ‘हा दस्तऐवज की साहित्य?’ असा प्रश्न आपणही विचारलाच. दोन्ही समाजांचा इतिहास एक नव्हे. पण प्रश्नामागील अविश्वास ओळखीचा आहे. फुल्यांची अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांना उद्देशून होती. जे मुक्त झाले आणि बोलले त्यांच्याकडे पुरावा मागण्याआधी त्यांचे शब्द, आणि त्यांनी राखलेले मौनही, वाचावयास शिकणे हे आपल्या समीक्षेकडे राहिलेले काम आहे.