'सिंघम' चित्रपटत्रयी : खलनायकाची निवड आणि कथासातत्याचा प्रश्न

प्रास्ताविक :
नायक किती मोठा, हे बहुधा खलनायकच ठरवीत असतो. रावणावाचून रामकथा नाही आणि कंसावाचून कृष्णकथा नाही. अतिमानवी नायकांच्या चित्रपटमालिकांनाही हाच नियम लागू पडतो. रोहित शेट्टी दिग्दर्शित 'सिंघम' (2011), 'सिंघम रिटर्न्स' (2014) आणि 'सिंघम अगेन' (2024) हे तीन चित्रपट हिंदी असले तरी त्यांचा नायक बाजीराव सिंघम मराठी आहे, त्याचे शिवगड हे गाव महाराष्ट्र-गोवा सीमेवरचे आहे आणि त्याचा राग व्यक्त होतो तोही मराठीतून. तो वर्दीतला माणूस असला तरी त्याची शक्ती अतिमानवीच आहे. प्रस्तुत लेखात या त्रयीतील खलनायकांची निवड व कथेचे सातत्य यांचा विचार केला आहे.

जयकांत शिक्रे : भूमीतून उगवलेला खल
पहिला चित्रपट हरी यांच्या 'सिंगम' (2010) या तमिळ चित्रपटाचा पुनर्निर्मित अवतार होय. दोन्हींत खलनायक प्रकाश राज यांनीच साकारला. तरीही जयकांत शिक्रे उसना वाटत नाही. खंडणी, अपहरण आणि त्यातून निवडणुकीपर्यंत पोहोचलेला हा माणूस प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. संघर्षाचे निमित्त तर अगदी किरकोळ आहे. जामिनाच्या अटीनुसार जयकांतने शिवगडच्या ठाण्यात स्वतः हजर राहून सही करायची असते. तो आपली माणसे पाठवतो, सिंघम त्यालाच बोलावतो. एवढ्या एका सहीतून सारे नाट्य उभे राहते. अपमानित जयकांत सूड म्हणून सिंघमची बदली स्वतःच्या इलाख्यात, गोव्यात करवून घेतो.

'बदली' हे शस्त्र येथे फार नेमके वापरले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दूरच्या तालुक्यातील नेमणूक ही शिक्षा समजली जाते, हे येथील प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे. शिवाय जयकांत भितो, चिडतो, हास्यास्पद होतो आणि तरीही धोकादायक राहतो. सचिन खेडेकर, अशोक सराफ, सोनाली कुलकर्णी या मराठी कलावंतांमुळे त्याच्याभोवतीचा समाजही खरा वाटतो.

बाबा आणि लंका :
'सिंघम रिटर्न्स'मधील भोंदू बाबा (अमोल गुप्ते) ही निवड काळाच्या दृष्टीने मोलाची होती. ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला आणि वर्षभरात हा चित्रपट प्रदर्शित झाला. विषय हाताशी होता. परंतु बाबाला श्रद्धेचा व्यापारी म्हणून उलगडण्याऐवजी पटकथा त्याला काळ्या पैशाच्या राजकारणातील एक भागीदार करून सोडते. भक्त त्याच्यामागे का जातात, हा प्रश्न विचारलाच जात नाही. चांगला खलनायक असा वाया जावा, ही खेदाची गोष्ट होय.

'सिंघम अगेन'मधील डेंजर लंका (अर्जुन कपूर) याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. रामायणाची चौकट आधी ठरली आणि रावणाची जागा नंतर भरली, असे जाणवते. सिम्बा हनुमान, सत्या लक्ष्मण, अवनी सीता. भूमिका वाटल्या गेल्या, व्यक्ती घडल्या नाहीत. वस्तुतः वाल्मीकींचा रावण विद्वान आहे. हा केवळ क्रूर आहे.

सातत्य कशाचे?
ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅन त्रयीत (2005, 2008, 2012) तिसऱ्या भागाचा खल पहिल्या भागातील संघटनेशी जोडलेला आहे. वर्तुळ पूर्ण होते. 'सिंघम'मध्ये असे घडत नाही. काव्या भोसले दुसऱ्या भागात दिसत नाही, तिचा उल्लेखही होत नाही. अवनी कामत येते. डेंजर लंकाचे धागे 'सूर्यवंशी'तील (2021) ओमर हाफिजशी जुळतात, जयकांतशी नाही. म्हणजे सिंघमच्या तिसऱ्या कथेचे मूळ सिंघमच्या पहिल्या दोन कथांत नसून दुसऱ्याच चित्रपटात आहे. जोडलेल्या चित्रपटविश्वाचा हा व्यावसायिक लाभ असेल, मात्र त्रयीचे त्रयीपण त्यात हरवते.

एक सातत्य मात्र अखंड आहे आणि ते अस्वस्थ करणारे आहे. पहिल्या भागात पोलीस जयकांतला पकडून ठाण्यात आणतात आणि तेथे ठार करतात. दुसऱ्यात ते वर्दी उतरवून, बनियनवर बाबाकडे चालून जातात. तिसऱ्यात तर देशाची सीमाच ओलांडली जाते. खलनायक जसजसा मोठा होतो तसतसा कायदा मागे पडतो. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'च्या शेवटाचे नाव घेऊनच, असे चित्रपट घातक संदेश देतात, अशी टीका केली होती. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, कारण न्यायालयीन विलंब त्याने भोगलेला असतो. ही टाळी खोटी म्हणता येत नाही. तथापि ज्या नायकाची ओळखच जामिनाच्या अटीतील एका सहीच्या आग्रहातून झाली, तो पुढे एकाही खलनायकाला न्यायालयाच्या निकालापर्यंत पोहोचू देत नाही. शिवगडच्या ठाण्यातील हजेरीचे ते रजिस्टर पुढच्या दोन्ही चित्रपटांत पुन्हा उघडलेले दिसत नाही.