वेतन, कौशल्य आणि दोषारोप : ‘बोइंग ७३७ मॅक्स’विषयक वादाची चिकित्सा

प्रास्ताविक

एखादे गुंतागुंतीचे यंत्र निकामी होऊन मनुष्यहानी झाली की दोष कोणाचा, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. अलीकडच्या काळात त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो : ज्याच्या हातून हे घडले, त्याला पगार किती होता? वरवर पाहता हा प्रश्न श्रमिकांच्या बाजूचा वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो श्रमिकाच्या योग्यतेवरच शंका घेणारा असतो. पगार कमी, म्हणून कौशल्य कमी. कौशल्य कमी, म्हणून अपघात, अशी ही तर्कसाखळी आहे. ‘बोइंग ७३७ मॅक्स’ या विमानाच्या दोन अपघातांनंतर जगभर जो वाद झाला, त्यात ही साखळी स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखात या वादातील दोन प्रमुख प्रतिपादने तपासून, वेतनाचा आणि सुरक्षिततेचा खरा संबंध कोठे आहे याचा विचार केला आहे.

वादाची पार्श्वभूमी

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियातील ‘लायन एअर’चे विमान जकार्ताहून निघाल्यानंतर काही मिनिटांतच समुद्रात कोसळले व १८९ माणसे मृत्युमुखी पडली. १० मार्च २०१९ रोजी ‘इथिओपियन एअरलाइन्स’चे त्याच प्रकारचे विमान आदिस अबाबाजवळ कोसळले व १५७ माणसे दगावली. दोन्ही अपघातांच्या मुळाशी ‘एमकॅस’ ही स्वयंचलित प्रणाली होती.

मॅक्स विमानाला पूर्वीच्या ७३७ पेक्षा मोठी इंजिने बसवून ती पंखांच्या पुढे व अधिक वर आणण्यात आली होती. त्यामुळे काही विशिष्ट स्थितींत विमानाचे नाक अपेक्षेपेक्षा अधिक सहजतेने वर जाण्याचा संभव होता. ही प्रवृत्ती आवरण्यासाठी एमकॅस विमानाच्या शेपटीकडील आडवा पंख आपोआप फिरवून नाक खाली आणत असे. पंख आणि समोरून येणारी हवा यांमधील कोन मोजणारे दोन संवेदक विमानावर होते. परंतु एमकॅस एका वेळी त्यांपैकी एकाच संवेदकावर विसंबून होती. तो संवेदक चुकला की प्रणालीही चुकणार, आणि वैमानिकाने नाक वर आणले तरी काही सेकंदांनी ती पुन्हा ते खाली ढकलणार, अशी तिची रचना होती. लायन एअरच्या विमानात हा प्रकार २० हून अधिक वेळा घडला. अपघातापूर्वी वैमानिकांना दिलेल्या माहितीपुस्तिकेत या प्रणालीच्या कार्याचे वर्णनही नव्हते.

‘ताशी नऊ डॉलर’चे प्रतिपादन

जून २०१९ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ या वृत्तसंस्थेने एक वृत्त प्रसिद्ध केले. अनुभवी अभियंत्यांना कमी केले जात असताना बोइंग व तिचे पुरवठादार ताशी अवघे नऊ डॉलर इतक्या कमी वेतनावर, बरेचदा भारतातील, कंत्राटी अभियंत्यांकडून आज्ञावलींचे काम करून घेत होते, असा त्याचा आशय होता. एचसीएल आणि सायंट या भारतीय कंपन्यांची नावे त्यात होती. एमकॅसचे काम या कंपन्यांच्या अभियंत्यांवर सोपविलेले नव्हते, असे बोइंगने त्याच वृत्तात स्पष्ट केले होते. तरीही पुढील चर्चेत हा खुलासा मागे पडला आणि ‘नऊ डॉलरवाल्यांनी विमान पाडले’ हे सूत्र तेवढे उरले.

या सूत्राचा मूलभूत दोष असा की, ते आज्ञावली लिहिणे आणि आज्ञावलीने काय करावे हे ठरविणे, या दोन वेगळ्या कामांची गल्लत करते. एमकॅसची आज्ञावली तिला नेमून दिलेल्या कामात चुकली नाही. एका संवेदकाने कोन अधिक असल्याचे सांगितले की पंख फिरवायचा, हे काम तिने अचूक केले. चूक होती ती नेमून दिलेल्या कामातच. आरंभीच्या आराखड्यात ही प्रणाली पंख ०.६ अंशापर्यंतच फिरवू शकत होती; पुढे ती मर्यादा २.५ अंशांपर्यंत वाढविण्यात आली. सामर्थ्य एवढे वाढल्यावर धोक्याचे मूल्यमापन नव्याने करणे आणि दुसऱ्या संवेदकाची पडताळणी जोडणे आवश्यक होते. ते न करण्याचा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याच्या अखत्यारीतला नव्हता.

ज्या ठिकाणी आज्ञावलीत खरोखर चूक होती, ते उदाहरण अधिक बोधप्रद आहे. दोन संवेदकांच्या नोंदींत तफावत आढळल्यास वैमानिकाला सूचना देणारा इशारा प्रत्येक मॅक्स विमानात असणे अभिप्रेत होते. चुकीमुळे तो केवळ एक ऐच्छिक दर्शक विकत घेणाऱ्या कंपन्यांच्याच विमानांत कार्यरत राहिला. ही चूक बोइंगला २०१७ मध्येच कळली होती. ती २०२० मध्ये दुरुस्त करण्याचे ठरले आणि लायन एअरचा अपघात होईपर्यंत विमानकंपन्यांना त्याची कल्पना देण्यात आली नाही. अशी चूक कोणत्याही वेतनावरील अभियंत्याच्या हातून होऊ शकते. परंतु ती तीन वर्षे तशीच राहू देणे ही चूक नसून निर्णय आहे, आणि तो निर्णय घेणारी माणसे अल्पवेतनी नव्हती.

येथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. स्वस्त श्रमाच्या शोधात काम विखुरले गेले की संस्थेतील संचित ज्ञानही विखुरते, या आक्षेपात तथ्य आहे. आराखडा करणारा आणि तो अमलात आणणारा यांच्यात खंड व कंत्राटे आली की ‘हे असे का?’ असे सहज विचारण्याची सोय उरत नाही. मात्र हा दोष व्यवस्थेच्या मांडणीचा आहे. तो अभियंत्याच्या राष्ट्रीयत्वाला वा बुद्धीला चिकटविणे म्हणजे आक्षेपाचा रोख बदलणे होय.

वैमानिकांच्या अकौशल्याचे प्रतिपादन

दुसरे प्रतिपादन वैमानिकांविषयी होते. स्वतः वैमानिक राहिलेले अमेरिकन लेखक विल्यम लँगविश यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मधील दीर्घ लेखात ते प्रभावीपणे मांडले. बोइंगचे दोष त्यांनी नाकारले नाहीत. परंतु वेगाने वाढलेल्या स्वस्त विमानसेवांनी हवेचा अस्सल अनुभव नसलेले वैमानिक घडविले आणि प्रशिक्षित हातांना ही परिस्थिती हाताळता आली असती, असा त्यांच्या मांडणीचा कल होता. याला एक आधारही होता. लायन एअरच्या त्याच विमानात आदल्या दिवशी हाच बिघाड झाला असता, वैमानिक-कक्षात प्रवासी म्हणून बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या साहाय्याने पंखाचा विद्युतपुरवठा तोडण्यात आला आणि विमान सुखरूप उतरले.

परंतु याच उदाहरणाचा दुसरा अर्थ असा की, दोन वैमानिकांसाठी रचलेल्या विमानात तिसऱ्याची गरज पडली. इथिओपियाच्या वैमानिकांनी तर विद्युतपुरवठा तोडलाही होता. तथापि विमानाच्या वेगामुळे पंखावरील दाब इतका वाढला होता की हाताने फिरवायचे चाक त्यांना पुरेसे फिरविता आले नाही. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचविणारे कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी जून २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. सिम्युलेटरमध्ये या अपघातांची पुनरावृत्ती त्यांनी स्वतः अनुभवली होती. काय घडणार हे ठाऊक असूनही उपाय करण्याआधीच वेळ संपू शकते, हे त्यांनी स्पष्ट केले.

याहून महत्त्वाची गोष्ट जानेवारी २०२० मध्ये उघड झालेल्या बोइंगच्या अंतर्गत पत्रव्यवहारातून पुढे आली. ज्या लायन एअरला प्रशिक्षणातील हलगर्जीबद्दल दोष दिला गेला, तिनेच २०१७ मध्ये मॅक्ससाठी सिम्युलेटर-प्रशिक्षणाचा विचार मांडला होता. बोइंगच्या कर्मचाऱ्यांनी आपसांत त्याची टवाळी केली आणि कंपनीला त्यापासून परावृत्त केले. वैमानिक अप्रशिक्षित होते असे म्हणताना, ते तसे राहावेत अशी कोणाची इच्छा होती, हा प्रश्न या प्रतिपादनात विचारलाच जात नाही.

वेतनाचा प्रश्न नेमका कोठे आहे?

या इच्छेचे कारण आर्थिक होते. जुन्या ७३७ वरून मॅक्सवर येणाऱ्या वैमानिकाला सिम्युलेटरची गरज पडणार नाही, हे या विमानाच्या विक्रीचे मोठे आकर्षण होते. गरज पडल्यास ‘साउथवेस्ट’ या अमेरिकन कंपनीला प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलरची सूट देण्याचे बोइंगने मान्य केले होते. साहजिकच प्रशिक्षणाची गरज सूचित करणारी प्रत्येक सुधारणा विक्रीच्या आड येऊ लागली.

या परिस्थितीवर लक्ष कोण ठेवणार होते? अमेरिकेत नियामक संस्थेच्या वतीने तपासणी करण्याचे अधिकार उत्पादक कंपनीच्याच काही कर्मचाऱ्यांना दिलेले असतात. त्यांचे वेतन कंपनी देते. प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० मधील अहवालात २०१६ च्या एका अंतर्गत पाहणीचा उल्लेख केला आहे. तीत उत्तर देणाऱ्या अशा कर्मचाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांना अनुचित दबाव जाणवत होता. २९ टक्के जणांना तो कळविल्यास होणाऱ्या परिणामांची चिंता होती. हे कर्मचारी अल्पवेतनी नव्हते, की अकुशलही नव्हते. त्यांच्या बाबतीत निर्णायक ठरले ते वेतन किती हे नव्हे, तर वेतन कोण देतो आणि नकार देण्याची किंमत काय, हे.

वेतनाचा आकडा निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील बफेलोजवळ ‘कोल्गन एअर’चे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. त्या चौकशीत सहवैमानिकेचे तुटपुंजे वेतन आणि कामावर पोहोचण्यासाठी तिने केलेला रात्रभराचा प्रवास चर्चेत आला. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे होते. दोघांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असावा, परंतु तो किती हे ठरविता येत नाही, असे तपास मंडळाने म्हटले. अल्प वेतन येथे बुद्धी कमी करत नाही. ते विश्रांती हिरावते. त्याच महिन्यात सलेनबर्गर यांनी अमेरिकी संसदीय समितीला सांगितले होते की, आपल्या वेतनात ४० टक्के कपात झाली असून निवृत्तिवेतनही जवळजवळ संपुष्टात आले आहे. वेतन घटल्याने त्यांचे कौशल्य घटले नव्हते, हे हडसनवर सिद्ध झाले होते. त्यांची चिंता पुढच्या पिढीची होती : अशा वेतनावर उत्तम माणसे या व्यवसायात येतील का?

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. भारतात मॅक्स विमान प्रथम आणणारी कंपनी म्हणजे मुंबईस्थित ‘जेट एअरवेज’. मार्च २०१९ मध्ये तिच्या देखभाल-अभियंत्यांच्या संघटनेने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहून कळविले की, तीन महिन्यांचे वेतन थकल्याने अभियंत्यांच्या मानसिक स्थितीवर परिणाम होत आहे व त्यामुळे विमानांची सुरक्षितता धोक्यात आहे. पुढच्याच महिन्यात, १७ एप्रिल रोजी, कंपनीची सेवा थांबली. ‘आम्ही कमी दर्जाचे आहोत’ असे हे अभियंते म्हणत नव्हते. निश्चिंत मनाने काम करण्याची किमान अट मोडली गेली आहे, असे ते सांगत होते. वेतनाचा सुरक्षिततेशी असलेला खरा संबंध या पत्रात जितका नेमका मांडला गेला, तितका मॅक्सवरील एवढ्या मोठ्या वादात क्वचितच मांडला गेला.

वेतनाच्या दुसऱ्या टोकाबाबत मात्र हा वाद पुष्कळसा मौन पाळतो. २०१३ ते २०१९ या काळात बोइंगने स्वतःचे भाग पुन्हा खरेदी करण्यावर सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले. डिसेंबर २०१९ मध्ये पदावरून दूर झालेले मुख्य कार्यकारी अधिकारी डेनिस म्युलेनबर्ग यांना भाग व निवृत्तिलाभ मिळून सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर मिळाले. ‘नऊ डॉलरमध्ये कोणत्या प्रतीचे काम मिळणार?’ असे विचारणाऱ्यांनी, ‘सहा कोटी डॉलरमध्ये कोणत्या प्रतीची जबाबदारी मिळाली?’ असेही विचारणे तर्कसंगत ठरले असते.

समारोप

दोन्ही प्रतिपादनांत एक साम्य आढळते. दोन्ही दोषाचा प्रवाह उतरणीकडे नेतात : एक कंत्राटी अभियंत्याकडे, दुसरे परदेशी वैमानिकाकडे. दोन्ही ठिकाणी वेतन वा प्रशिक्षण यांतील उणीव ही त्या व्यक्तीची उणीव मानली जाते. ती उणीव निर्माण करणाऱ्याचा निर्णय मानली जात नाही. म्हणूनच अशा वादात ‘पगार किती?’ या प्रश्नाआधी तो कोण देतो, कोणत्या कामासाठी देतो आणि ते काम धोक्याचे वाटल्यास नकार देण्याची मुभा किती, हे विचारणे आवश्यक ठरते.

मराठी अध्यापकवर्गाला हा प्रश्न दूरचा नाही. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी परदेशी कंपन्यांसाठी, दुसऱ्याने ठरवून दिलेल्या आराखड्यावरच काम करतात. दिलेली आज्ञावली बिनचूक लिहिण्याचे शिक्षण त्यांना मिळते. एमकॅसची आज्ञावलीही त्या अर्थाने बिनचूकच होती. दिलेले काम मुळात योग्य आहे का, हे तपासण्याची आणि नसल्यास तसे लेखी कळविण्याची सवय अभ्यासक्रमात कोठे लावायची, याचा विचार या ३४६ मृत्यूंनंतर तरी व्हावयास हवा.