अधिकारवाणीचा प्रश्न

पोर्नोग्राफी हा विषय विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा म्हणून शिकवायचा तर श्लील-अश्लीलतेचा वाद प्रथम बाजूला ठेवावा लागतो. र. धों. कर्वे आणि मर्ढेकर यांच्यावरील खटल्यांपासून आपल्याकडील चर्चा बहुधा त्याच वादात अडकली. ‘हे छापावे काय?’ हा न्यायालयाचा प्रश्न. ‘हे काय करते?’ हा तत्त्वज्ञानाचा. ऑस्टिनच्या वाक्-कृतीच्या सिद्धांताधारे रे लँग्टन यांनी १९९३ मध्ये तो नेमका मांडला : पोर्नोग्राफी स्त्रीचे दुय्यमत्व केवळ दाखवीत नाही, ते घडविते, तिच्या ‘नाही’मधून नकाराची कृतीच काढून घेते. मात्र पंचाचा निर्णय लागू होतो तो पंचाला अधिकार असतो म्हणून. पोर्नोग्राफीला तसा अधिकार आहे काय? हा प्रश्न लँग्टन यांनी वस्तुस्थितीवर सोपविला, आणि युक्तिवाद तेथेच कच्चा राहिला.

ऑक्सफर्डमध्ये हा विषय शिकविणाऱ्या अमिया श्रीनिवासन २०२१ च्या आपल्या ग्रंथात सांगतात, की ही मांडणी विद्यार्थी कालबाह्य ठरवतील असे त्यांना वाटले होते. विद्यार्थ्यांना ती पटली! शरीरसंबंधांचे पाठ त्यांनी पडद्यावरूनच घेतले होते. वस्तुस्थितीचे साक्षीदार वर्गातच बसले होते. मानला गेलेला अधिकार आणि न्याय्य अधिकार यांतले अंतर अर्थात उरतेच. प्राध्यापकाची अधिकारवाणीही त्या तपासणीतून सुटत नाही.