'तिसरा चिंपांझी' : आप्तत्वाचें माप

ग्रंथाला नांव देणें हेंहि एक वाङ्मयीन कौशल्य आहे. जॅरेड डायमंड यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथास 'तिसरा चिंपांझी' असें नांव दिलें, आणि त्या दोन शब्दांतच आपला सिद्धान्त सांगून टाकला. चिंपांझी एक, बोनोबो दुसरा, आणि तिसरा मनुष्य! मनुष्याच्या अहंकारावर इतका नेमका घाव घालणारें नांव क्वचितच आढळेल.

या सिद्धान्तास आधार सिब्ली व आल्क्विस्ट यांच्या प्रयोगांचा आहे. दोन प्राण्यांच्या डीएनएचे धागे एकत्र जुळवावयाचे आणि ते किती उष्णतेनें सुटे होतात हें पाहावयाचें. जितके लवकर सुटतील तितकें नातें दूरचें. या रीतीनें मनुष्य व चिंपांझी यांत १.६ टक्के, तर गोरिला व चिंपांझी यांत २.३ टक्के अंतर निघालें. म्हणजे चिंपांझीचा निकटचा आप्त गोरिला नव्हे, मनुष्य! हा भाग ग्रंथकारांनीं अत्यंत प्रसन्न शैलीनें मांडला आहे, आणि हा निष्कर्ष पुढील संशोधनांतहि टिकला आहे.

आमचा आक्षेप निष्कर्षावर नाहीं; टक्क्यांवर जो भार टाकला आहे त्यावर आहे. एकच आंकडा पाहिला म्हणजे वंशवृक्षाच्या फांद्या स्वच्छ फुटल्या असा भास होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. २०१२ सालीं गोरिलाची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली, तेव्हां असें दिसलें कीं तिच्या सुमारें ३० टक्के भागांत मनुष्य व चिंपांझी एकमेकांस जितके जवळ आहेत, त्याहून गोरिला त्यांपैकीं एकास अधिक जवळ आहे. आजोबांच्या भांड्यांची वांटणी झाली असतां धाकट्या भावाचा तांब्या थोरल्याच्या तांब्याशीं न जुळतां चुलत्याच्या तांब्याशीं जुळावा, तसें हें आहे. पूर्वजांच्या कळपांत एकाच जनुकाचीं अनेक रूपें नांदत होतीं. तीं जातींच्या क्रमानें वांटलीं गेलीं नाहींत.

१९९१ सालच्या ग्रंथकारास हें ठाऊक नसल्याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु चिंपांझींच्या उपजाति तेव्हांहि ज्ञात होत्या. तरी ग्रंथांतील हिशेबांत चिंपांझी ही एकजिनसी राशि म्हणूनच येते. कॅमेरूनमधील सनागा नदीच्या दोन तीरांवरील चिंपांझींत जितका जनुकभेद आहे, तितका निरनिराळ्या खंडांतील मनुष्यांतहि नाहीं, असें २०१२ सालच्या संशोधनानें दाखविलें. वर्णावरून कलह माजविणारी आमची जात मुळांत इतकी एकसारखी असावी! हा उपरोध ग्रंथकाराच्या लेखणीस किती शोभला असता!

या आप्तत्वाच्या आधारें वैद्यकीय प्रयोगांसाठीं चिंपांझी वापरण्याविषयीं ग्रंथकार आमच्या सदसद्विवेकास प्रश्न विचारतात. हेतु उदात्त आहे. पण दया टक्क्यांच्या खुंटीला टांगली, तर मोजमाप बदलतांच ती खालीं पडेल. प्राण्यास वेदना होते, एवढें कारण दयेस पुरेसें आहे.

ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र आंकड्यानें दिपून जाऊं नये. सनागाच्या उत्तरेकडील चिंपांझी चारहि उपजातींत संख्येनें सर्वांत थोडे आहेत. उद्यां ते नामशेष झाले, तरी १.६ हा आंकडा जसाच्या तसा राहील. एवढी हानि ज्या मापास दिसत नाहीं, तें माप आप्तत्वास अपुरें होय.