क्षयरोगनिदानातील नवतंत्रज्ञान : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेतील तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना यंत्राची क्षमता आणि रुग्णाचा यंत्रापर्यंतचा प्रवास या दोन बाबी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. क्षयरोगाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जंतुसंवर्धन चाचणीस कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट यंत्र मात्र सुमारे दोन तासांत जंतूंचे अस्तित्व आणि रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिरोध दर्शविते. गोव्यातील मोलबायोच्या ट्रूनॅट चाचणीस २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बॅटरीवर चालणारे हे यंत्र लहान केंद्रातही ठेवता येते.

ही प्रगती निर्विवाद होय. तथापि घाटकोपर वा अंधेरीच्या दाट वस्तीतील रुग्ण बहुधा प्रथम गल्लीतील खासगी डॉक्टरकडेच जातो. तेथे खोकल्याच्या औषधांत गेलेले आठवडे कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने खासगी डॉक्टरांना जोडून घेतले व इलेक्ट्रॉनिक व्हाउचरद्वारे मोफत औषधे दिली. संगणक तेथे साधन होता; खरे नावीन्य विश्वासाच्या जुळणीत होते.

२०१८ पासून मिळणारे मासिक ५०० रुपयांचे पोषणसाहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. ते थेट बँक खात्यात जमा होते. ज्या स्थलांतरित भाडेकरूपाशी खातेच नाही, त्याचे काय?

निर्मूलनाचे उद्दिष्ट २०२५ चे होते. २०२४ मध्येही देशात लाखामागे अंदाजे १८७ नवे रुग्ण होते. सारांश, तंत्रज्ञानाचा कस प्रयोगशाळेत नव्हे, तर चाळीच्या जिन्यावर लागतो.