साध्या सुखांचा जमाखर्च

इंग्रजी निबंधवाङ्मयाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस त्या वाङ्मयाचा एक विशेष सहज आठवेल. खेड्यातील घर, घरामागची बाग, सुटीच्या दिवशी बरोबर शिदोरी घेऊन केलेली पायपीट, जुन्या पुस्तकांच्या दुकानात अवचित हाती लागलेला ग्रंथ, अशा क्षुल्लक गोष्टींतून तेथील निबंधकारांनी जो आनंद निर्माण केला, तो आपल्याकडील पदवीधरांच्या दोन पिढ्यांस मोठा मोहक वाटला. महाविद्यालयात नेमलेल्या पुस्तकांतून त्याची गोडी लागली, आणि त्या गोडीचा मराठी लघुनिबंधाच्या जन्मास मोठा हातभार लागला. प्रा. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ साली पुस्तकरूपाने आल्या. अनंत काणेकर व वि. स. खांडेकर यांचे संग्रहही त्याच सुमारास निघाले. हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या आनंदाबरोबर आपण काय इकडे आणले आणि काय तिकडेच राहू दिले, याचा विचार मात्र जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही.

चार्ल्स लँबचा जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवरील निबंध घ्या. तो १८२३ साली प्रथम प्रसिद्ध झाला. एक नवा निळा चहाचा संच घरात आला आहे, आणि तो पाहता पाहता निबंधातील चुलत बहीण ब्रिजेट गरिबीचे दिवस आठवू लागते. जुन्या नाटकांचा एक जाडजूड ग्रंथ विकत घ्यावयाचा, म्हणून भावाने अंगावरचा तपकिरी पोशाख मित्रांस लाज वाटेपर्यंत वापरला. कित्येक आठवडे घ्यावा की न घ्यावा हा खल चालला. शनिवारी रात्री दहाच्या सुमारास निश्चय झाला, तेव्हा झोपावयास निघालेल्या दुकानदाराने कुरकुरत दार उघडले. ग्रंथ घरी आणल्यावर सुटलेली पाने उजाडेपर्यंत थांबण्याचा धीर नसल्यामुळे रात्रीच चिकटविली. किंमत पंधरा की सोळा शिलिंग, हे तिला नक्की आठवत नाही. पण त्या पैशासाठी किती दिवस जिवाला घोर लागला होता हे आठवते. सुटीच्या सहलीचेही तसेच. एन्फील्ड, वॉल्थॅम इकडे पायी जावयाचे, टोपलीत थंड मांस व कोशिंबीर घ्यावयाची, आणि दुपारी एखादी बरीशी खाणावळ शोधून तेथे केवळ पेयाचे पैसे देऊन आपलेच अन्न खावयाचे. मालकीण मेजावर कापड अंथरू देईल की नाही, ही धास्ती ब्रिजेट विसरलेली नाही.

या निबंधाचे मर्म त्या धास्तीत आहे. येथे सुखाला किंमत आहे; ती कोणी, कशातून काढून दिली हे सांगितलेले आहे; आणि विशेष म्हणजे ते घरातील स्त्रीने सांगितलेले आहे. ब्रिजेट म्हणजे लँबची सख्खी बहीण मेरी. तिने १७९६ साली वेडाच्या भरात आपल्या आईचा प्राण घेतला. तेव्हा भाऊ एकवीस वर्षांचा होता, आणि पुढे जन्मभर त्याने तिला सांभाळले. ही भावंडे सहलीस निघाली की सामानात वेडाच्या झटक्यासाठी बांधावयाचे बंदही मेरी स्वतः घेत असे, असे चरित्रकार नमूद करतात. निबंधात यातले एक अक्षर नाही. तरी टोपलीतील कोशिंबिरीला जी चव आहे, ती या न सांगितलेल्या सामानामुळे आहे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट आपण तरी विसरू नये. लँब हा १७९२ पासून १८२५ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिशेबनीस कारकून होता. १८१२ साली करवीरकरांशी झालेल्या तहाने आमचे मालवण कंपनीच्या हाती गेले, तेव्हा तो त्याच कचेरीत खतावणी लिहीत होता. इंग्रजी ग्राम्य सुखाचा उगम कोठे कोठे होता, याचा शोध घेणारास ही वाट मोकळी आहे. मी त्यात अधिक शिरत नाही.

जॉर्ज गिसिंगने १९०३ साली प्रसिद्ध केलेली हेन्री रायक्रॉफ्टची टिपणे हे याच परंपरेतील पुस्तक. उतारवयात एका मित्राच्या मृत्युपत्राने वर्षास तीनशे पौंडांची प्राप्ती झालेला लेखक डेव्हनमध्ये घर करतो. रानफुले, चहा, शेकोटी, ग्रंथ यांत रमतो. पण याच गृहस्थाने तरुणपणी खिशात जेवणापुरतेच सहा पेन्स असताना त्या पैशात टिबुलसचे काव्य घेतले होते. गिबनच्या इतिहासाची पहिली आवृत्ती स्वस्तात दिसली, जवळ पैसे नव्हते. तेव्हा इझ्लिंग्टनपर्यंत चालत जाऊन पैसे आणले, आणि ते अवजड खंड दोन खेपांनी खांद्यावरून घरी नेले. आता गंमत अशी की, ज्या इंग्लिश खेड्याचे हे मनोहर चित्र आहे, ते काढणारा गिसिंग १८९९ पासून फ्रान्समध्ये राहत होता. ती तीनशे पौंडांची वर्षप्राप्ती त्याला स्वतःला कधीच लाभली नाही. पुस्तक निघाले त्याच वर्षी सेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. ‘आमचे गाव’ रंगविणाऱ्या मेरी मिटफर्डचे तेच. बापाने उधळलेल्या पैशापायी तिला लेखणीवर घर चालवावे लागले.

आता आपल्याकडे वळू. फडक्यांची भाषा नितळ, बोलण्याची ढब आर्जवी. मराठी गद्यास त्यांनी बैठकीतला मोकळेपणा दिला, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्यांच्या निबंधातील सुख पुष्कळदा आधीच घरपोच आलेले असते. खुर्ची आहे, चहा आहे, फुरसत आहे. त्यांचे बिल कोणी भरले याची चौकशी तेथे अप्रशस्त ठरावी. आणि एकंदर लघुनिबंधात पत्नी येते ती बहुधा थट्टेपुरती. ब्रिजेटप्रमाणे सबंध निबंध आपल्या हाती घेऊन नवऱ्याला अथवा भावाला ऐकावयास बसविणारी स्त्री त्यात शोधून काढावी लागते.

खांडेकरांची गोष्ट निराळी, आणि म्हणूनच अधिक चुटपुट लावणारी. ते १९२० साली शिरोड्यास शिक्षक म्हणून आले व १९३८ पर्यंत तेथे राहिले. समुद्र, मिठागरे, माडांची राई, खेड्यातील शाळा, तुटपुंजी मिळकत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह, हे सारे त्यांच्या दाराशी होते. लँबला जे मिळाले त्याहून हे साहित्य कमी खास नव्हते. परंतु खांडेकरांचा निबंध वाळूवर फार वेळ टिकत नाही. लहानसा अनुभव सांगून होतो न होतो तोच उपमांच्या शिडीवरून लेखक ध्येयवादाच्या गच्चीवर चढतो, आणि खाली राहिलेला मासळीवाला, खाली राहिलेले पोर पुन्हा दृष्टीस पडत नाही. त्या गच्चीवरून दिसणारे आकाश उदात्त असेल. मला खालच्या अंगणाची आठवण येते.

शिरोड्याला लागूनच आरवली आहे. जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकात त्या गावाने जे रूप घेतले, ते पाहिले म्हणजे हे अंगण मराठीस अप्राप्य नव्हते असे दिसते. तेथे विनोद आहे, पण दारिद्र्य झाकलेले नाही. माणसांची चैन कोणत्या उसनवारीवर चालते ते कळते. दळवींचे पुस्तक निबंधसंग्रह नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. त्याहीपूर्वी, ‘गुजगोष्टीं’च्या पुढच्याच वर्षी, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे भाग निघू लागले होते. पैशाची फिकीर नसलेला कवी नवरा, आणि त्याच्या औदार्याचा हिशेब घरात जुळविणारी, तरीही हसणारी बायको! आपली ब्रिजेट ही होती. ती इंग्रजी निबंध वाचून झाली नव्हती, आणि निबंध लिहिणारांनी तिच्याकडे आपल्या प्रकारातील गुरू म्हणून पाहिले नाही.

आमच्या किनाऱ्यावर अशी सुखे थोडी नाहीत. कार्तिकातले आवळीभोजन आहे, रात्रभर चालणारा दशावतार व जत्रेतील खाज्याची पुडी आहे. मुंबईकर चाकरमान्याच्या ट्रंकेतून आलेली, पहिली पाने गेलेली पुस्तकेही आहेत. आज तारकर्ली-देवबागेस यांतील काही सुखे पर्यटकांस भाड्याने मिळतात, त्यांचे दरपत्रक भिंतीवर असते. निबंधकाराला लागणारा हिशेब तो नव्हे.

या सर्वांत मला विलक्षण वाटते ती गावपळण. मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर, वायंगणी या गावी काही वर्षांच्या अंतराने ती होते. आचऱ्यास श्रीदेव रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री घेऊन शिवेबाहेर पडतो. माडाच्या झावळ्यांच्या राहुट्या उठतात, आणि तीन दिवस घरांत कोणी राहत नाही. परतावयाचे तेही पुन्हा कौल घेऊन. वर्तमानपत्रांस यात आश्चर्य दिसते, श्रद्धेचा वाद घालणारांस वाद दिसतो. पण त्या रात्री सावकार आणि कूळ एकाच माळावर झोपले असतील. बाळंतीण कशी नेली, म्हाताऱ्याला कोणी उचलले, हे प्रश्न घरोघर पडले असतील. मुलांना तर ती निव्वळ सहल वाटली असेल. एन्फील्डच्या रस्त्यावर दोघे भावंडे टोपली घेऊन चालली, येथे सबंध गाव चालतो. त्या राहुट्यांत कोणाच्या चुलीवर कोणाचे भांडे चढले होते, विस्तव कोणी कोणाकडून मागून आणला, आणि परत आल्यावर कोणाचे काय द्यावयाचे राहिले, हे तेथे तीन रात्री निजलेल्या एखाद्या बाईने लिहिले, तर ते मला वाचावयाचे आहे.